जुना खेळ, नवा कंट्रोलर आणि आपला अंगठा



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस व्हिडिओ गेमवर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु हत्यार आणि हात यांचे नाते हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, आणि गेमचा कंट्रोलर हेही एक हत्यारच होय.

निनटेंडो कंपनीचे फॅमिकॉम यंत्र १९८३ साली जपानात निघाले. त्याच्या स्वस्त नकला १९९० नंतर आपल्याकडे आल्या. टीव्हीला जोडायचे, कॅसेट खोचायची आणि मारिओ किंवा काँट्रा खेळायचा. त्याच्या कंट्रोलरवर डावीकडे अधिकच्या चिन्हासारखी दिशेची कळ असे आणि उजवीकडे बी व ए ही दोन बटणे शेजारी शेजारी असत. आज हेच खेळ संगणकावर एम्युलेटर नावाच्या प्रोग्रामात चालतात; म्हणजे नवे यंत्र जुन्याचे सोंग घेते. हातात मात्र नवा कंट्रोलर असतो. त्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात मांडलेली चार बटणे, दोन दांड्या आणि वरच्या कडेला तर्जनीसाठी आणखी चार बटणे. मग जुने बटण कोठे बसवावे?

पुष्कळ जण अक्षराला अक्षर जुळवतात आणि तेथेच फसतात. मारिओत बी दाबून ठेवले की तो धावतो आणि ए दाबले की उडी मारतो. लांब उडीसाठी अंगठ्याचे टोक बी वर ठेवून त्याचाच मागचा भाग ए वर टेकवावा लागतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर ए खाली आणि बी उजवीकडे आहे. अक्षरे जुळवली तर धाव उजवीकडे आणि उडी तिच्या डावीकडे जाते. अंगठ्याची जुनी सवय उलटी होते. म्हणून अक्षर न पाहता जागा पाहावी. धाव चौकटच्या डाव्या बटणावर आणि उडी खालच्या बटणावर ठेवावी. १९९० च्या सुपर मारिओ वर्ल्ड या खेळात निनटेंडोनेही हीच मांडणी केली होती.

दिशेसाठी दांडी न वापरता अधिकची कळच घ्यावी. जुन्या खेळाला दिशा दाबली किंवा नाही दाबली एवढेच कळते. किंचित कललेली दांडी त्याला समजत नाही. रेट्रोआर्क या मोफत प्रोग्रामात प्रत्येक खेळाची जुळणी वेगळी जतन करता येते. तेव्हा एकदा बसवावे, दहा मिनिटे खेळून पाहावे, आणि मगच जतन करावे.

आता शेवटचा मुद्दा. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा उजवा अंगठा कारखान्यात यंत्रात सापडला आणि त्याचा सांधा कायमचा आखडला. नातवाबरोबर खेळताना धाव दाबून धरली की त्याची उडी राही. "तूच खेळ रे बाबा," म्हणून तो कंट्रोलर खाली ठेवी. आम्ही धाव उजव्या तर्जनीच्या बटणावर नेली, अंगठ्याला केवळ उडी ठेवली. त्या संध्याकाळी नातवालाच आपली पाळी मागून घ्यावी लागली!

मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अपंगांसाठी मोठ्या बटणांचा कंट्रोलर काढला; त्याला पायाने दाबायची बटणेही जोडता येतात. तो सर्वांना परवडेल असे नाही. परंतु बटणांची जुळणी बदलण्यास पैसा लागत नाही. सुट्टीत नातवंडे खेळायला बसली की तेवढी त्यांच्याकडून करून घ्या.