स्वस्तातले पिस्तूल भरवशाचे किती?

"सर, स्वस्तातलं एखादं पिस्तूल घ्यावं म्हणतो. ऐन वेळी उडेल ना?" हा प्रश्न मला शेणव्याकडच्या एका शेतकऱ्याने विचारला. शहापूर-मुरबाडच्या त्या पट्ट्यात घरे विखुरलेली, रात्री शेतावर राखणीला जावे लागते, आणि भाताला लोंब्या धरल्या की रानडुकरे उतरतात. तेव्हा या प्रश्नाला हसण्यात अर्थ नाही. मी शिकवतो अर्थशास्त्र, आणि 'ही वस्तू या किंमतीला घ्यावी का' हा तर आमच्या शास्त्राचा पहिलाच धडा.

आधी 'भरवसा' म्हणजे काय ते पाहू. आपल्या मनात एकच भीती असते, की चाप ओढला आणि बार फुसका निघाला तर काय घ्या? पण हत्याराचा भरवसा दुहेरी असतो. हवे तेव्हा ते उडाले पाहिजे आणि नको तेव्हा उडता कामा नये. खुंटीवरून पडले, कमरेतून निसटले, मुलाच्या हाती लागले, तर ते गप्प राहिले पाहिजे. माझ्या मते हा दुसरा भरवसा पहिल्याहून मोलाचा आहे. चोराची गाठ आयुष्यात एखादे वेळी पडली तर पडते. घरातली मुले रोजचीच आहेत.

आता नळीत काय होते ते पाहा. मोटारीच्या चाकात हवेचा दाब चौरस इंचाला साधारण ३० पौंड असतो. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या नेहमीच्या ·३२ रिव्हॉल्वरच्या काडतुसाचा दाब १५,००० पौंडांपर्यंत जातो. म्हणजे चाकाच्या पाचशेपट, आणि तोही तुमच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर. हा दाब सोसायचा तर पोलाद कोणते, ते किती जाड, त्याला पाणी कसे दिले आहे, याला फार महत्त्व येते. म्हणूनच चांगल्या कारखान्यात प्रत्येक नळीची परीक्षा होते. नेहमीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दाबाचे काडतूस तिच्यातून उडवायचे, ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारायचा. इंग्लंडात बर्मिंगहॅमला अशी परीक्षा घेणारी संस्था कायद्याने १८१३ साली स्थापन झाली. हत्यार घेताना आधी हा शिक्का पाहावा. किंमत मागाहून.

असा शिक्का ज्यावर कधीच नसतो, ते म्हणजे गावठी कट्टा. आपल्या राज्यात येणारी पुष्कळशी गावठी पिस्तुले जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीकडून येतात, हे पोलीस खात्याच्या कारवायांतून वर्षानुवर्षे उघड होत आले आहे. कारागिरांच्या हातात कसब नाही असे मी म्हणणार नाही. वरून पाहिले तर विलायती मालाशी स्पर्धा करील असे काम ते करतात. पण पोलाद मिळेल ते, मोजमाप डोळ्याचे, आणि परीक्षा गिऱ्हाइकाच्या हातावर! साधा कट्टा तर कधी कधी रायफलीच्या काडतुसासाठी केलेला असतो, आणि त्याचा दाब रिव्हॉल्वरच्या काडतुसाहून कितीतरी अधिक. नळी फाटली तर फाटणार ती धरणाऱ्याच्या पंज्यात. शिवाय पडल्यावर घोडा काडतुसावर आदळू नये अशी सोय त्यात बहुधा नसते. कायद्याचे म्हणाल तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून विनापरवाना पिस्तूल बाळगणाऱ्याला किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे कैद आहे. बनवणाऱ्याला नि विकणाऱ्याला किमान ७ वर्षे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. हा सौदा स्वस्त कोणत्या हिशेबाने म्हणावयाचा?

मग कारखान्यात बनलेले पण कमी किमतीचे पिस्तूल? या बाबतीत अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तिथे १९६८ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या हलक्या पिस्तुलांना आळा बसला; मग १९७० नंतर लॉस एंजेलिसच्या आसपास जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त पिस्तुले काढणारे कारखाने निघाले. त्यांतल्या ब्रायको कंपनीच्या एका नमुन्यात खोड अशी, की पिस्तूल रिकामे करायचे तर आधी सुरक्षेचा खटका काढावा लागे. १९९४ साली कॅलिफोर्नियात कोणी असेच पिस्तूल रिकामे करीत असता गोळी सुटली आणि सात वर्षांचा एक मुलगा जन्माचा लुळा झाला. २००३ साली ज्यूरीने भरपाईचा मोठा भार कंपनीवर टाकला आणि कंपनीने दिवाळे काढले. पैसे वाचवले ते नेमके दुसऱ्या भरवशातले.

पण स्वस्त ते सगळेच वाईट, असेही नाही. ओहायो राज्यातील हाय-पॉइंट कंपनीचे पिस्तूल जस्ताच्याच मिश्रधातूचे, बोजड आणि दिसायला अगदी ओबडधोबड. त्याचा वरचा सरकता भाग मुद्दाम जड ठेवलेला असतो, म्हणजे नळी बंद ठेवणारी महाग यंत्रणा लागत नाही, नुसते वजनच ते काम करते. लोक त्याची थट्टा करतात आणि तरीही ते चालते. उलट, सिग सॉवर कंपनीचे पी ३२० हे महागातले पिस्तूल अमेरिकन लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये पसंत केले. त्याचा नागरी नमुना विशिष्ट कोनात पडला तर उडू शकतो असे दिसून आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला तो विनामूल्य सुधारून देण्याची योजना जाहीर करावी लागली. तेव्हा किंमत पाहून भरवसा ठरत नाही.

आपल्याकडे तर किंमत मुळीच काही सांगत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे आजोबांच्या काळातले एखादे वेब्ली आज लाखांनी विकले जाते. ही किंमत चांगुलपणाची नसून दुर्मिळपणाची आहे. आतली कमान थकलेली असली तरी भाव तोच! देशी मालात कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचे सुमारे अर्ध्या किलोचे ·३२ रिव्हॉल्वर काढले. त्या वेळी त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. ईशापूरच्या कारखान्याचे ·२२ चे 'निडर' त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत आणि जवळजवळ निम्म्या वजनात आले. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्वरवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्के झाला. तेव्हा कायदेशीर मार्गाने 'स्वस्त' हा शब्द आपल्याकडे नावालाच उरला आहे.

एवढे असूनही, नवशिक्याला घ्यायचेच असेल तर देशी कारखान्यातले नवे, शिक्का असलेले साधे रिव्हॉल्वर घ्यावे असे मी म्हणेन. चाप जड लागतो, घडण ओबडधोबड वाटते, ही तक्रार खरी आहे. पण रिव्हॉल्वरचा एक गुण असा, की एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा. चक्र फिरून दुसरे समोर येते. पिस्तुलात फुसके काडतूस हाताने ओढून बाहेर काढावे लागते, आणि अंधारात, घाबरलेल्या हातांनी ते जमत नाही. मात्र आवाज हलका आला, धक्का कमी बसला, तर थांबावे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर चांगली नळीदेखील फुगते किंवा फुटते.

खरा कच्चा दुवा मात्र हत्यार नाही, माणूस आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षित हाताळणीच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते कागद म्हणून मिळवून कपाटात टाकले तर उपयोग नाही. काडतुसे महाग, त्यांच्या संख्येवर परवान्याचे बंधन. म्हणून लोक सहा गोळ्या घालून ठेवतात आणि वर्षानुवर्षे एकही झाडीत नाहीत. अशा माणसाच्या हाती कसलेही रिव्हॉल्वर भरवशाचे ठरणार नाही.

आणि रानडुकराचे काय? त्यासाठी रिव्हॉल्वर हे हत्यारच नव्हे. त्याची गोळी जेमतेम साडेसहा ग्रॅमची. बारा बोअरच्या बंदुकीच्या बाराची ताकद तिच्या दसपटीहून जास्त असते. जखमी डुकरासारखा शत्रू नाही, हे राखणीला जाणाऱ्याला मी काय सांगावे! शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला मारायचे तर वनखात्याची परवानगी आधी लागते. त्याच कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीवाचून देता येत नाही, आणि शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. आपले गाव त्या अंतरात येते का, हे अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्या शेतकऱ्याचा मुख्य त्रास डुकरांचाच होता. म्हणून मी त्याला सांगितले, की पिस्तुलाचे पैसे कुंपणाला नि चांगल्या विजेरीला घाल, आणि नुकसान झाले की वनखात्याकडे भरपाईचा अर्ज कर.

ज्यांच्याकडे परवान्याचे हत्यार आहेच, त्यांनी आपल्याकडच्या पावसाची आठवण ठेवावी. जून ते सप्टेंबर चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्वर ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पोलाद गंजते. पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या जागी कुलपात ठेवावे. मात्र काडतुसांना तेल लावू नये. ते बुडाच्या टोपीतून आत झिरपते आणि काडतूस मरते. ती वेगळ्या डब्यात ठेवावी, डब्यावर खरेदीचे साल लिहावे, आणि जुनी असतील ती सरावाच्या मैदानावर आधी संपवावी.