तापलेल्या चाकाचे कोडे

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही काही प्राध्यापक व विद्यार्थी फोर-व्हील-ड्राइव्ह जीपने आंबोली घाट उतरत होतो. पायथ्याशी करपल्याचा वास आला. घुमल्यासारखा आवाज तर केव्हाचाच येत होता. चालक म्हणाला, "सर, ब्रेक धरतोय." मला वाटले, बेअरिंग गेले. खरे कोणाचे?

विद्यार्थी मित्रांनो, आधी थोडे गणित करू. माणसांसह १५०० किलोग्रॅमची जीप ६०० मीटर खाली आली, तर १५०० × ९.८ × ६०० म्हणजे सुमारे ८८ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने २० अंश सेल्सिअसचे २६ लिटर पाणी उकळीला येईल! खालच्या गिअरमध्ये इंजिन व वाटेत हवा यातला काही भाग घेतात. उरलेली बहुतेक उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते. तेव्हा घाटात चाके तापणारच. मात्र एखादे चाक जोडीच्या चाकापेक्षा फार तापले, तर दोष आहे असे समजावे. आमचे पुढचे उजवे चाक तसे तापले होते. (हात जवळ नेऊन पाहावे, लावू नये.)

आता आवाज. डाव्या वळणावर तो वाढत होता. अशा वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. जीप टू-व्हीलमध्ये घेऊन पुढची हब मोकळी केली होती, म्हणजे पुढच्या आसाचे दांडे फिरत नव्हते. तरीही आवाज होताच. म्हणून संशय चाकावर आला.

गॅरेजमधून मिस्त्री आले. त्यांनी सपाट जागी इतर चाकांना दगड लावून चाक जॅकवर उचलले. (काही जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टला धरतो. तिथे मागचे एक चाक उचलले की डिफरन्शिअलमुळे गाडी घरंगळू शकते!) चाक जड फिरले, म्हणजे ब्रेक धरत होता. लायनर मागे घेतल्यावर ते सुटले, पण खरखरले. मग चाक वर-खाली धरून हलवले, प्ले जाणवला. तो किंगपिनचा की बेअरिंगचा? मला ब्रेक दाबायला सांगितले. प्ले नाहीसा झाला! ब्रेकने ड्रम पकडल्यावर बेअरिंगला हलायला वाव राहत नाही. दोष किंगपिनचा असता, तर प्ले तसाच राहिला असता.

ड्रम उघडल्यावर उलगडा झाला. ब्रेक सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकला होता. पाय उचलला तरी लायनर घासत राही. त्या उष्णतेने ग्रीस पातळ होऊन निघून गेले व बेअरिंगचे रूळ खरवडले. चालक व मी, दोघेही बरोबर होतो. पण मूळ कारण त्याने ओळखले होते. आणखी थोडे चाललो असतो, तर ब्रेक ऑइल उकळले असते. द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही, वाफ सहज आकसते. मग पेडल खाली जाते, पण ब्रेक लागत नाही.

आज घरी सायकलचे चाक उचलून फिरवा व आडवे हलवून पाहा. ते काय सांगते?