लग्नाचा वाढदिवस आणि घरची सुटी

लग्नाचा वाढदिवस कसा साजरा करावा, हा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार निघतो. पंचविसावा असो की पन्नासावा, हॉल ठरविणे, शे-दोनशे पानांचा बेत, कपडेलत्ते, फोटो यांतच महिना निघून जातो. आणि ज्या दोघांचा तो दिवस, त्यांनाच त्या संध्याकाळी एकमेकांशी चार शब्द बोलावयास सवड मिळत नाही. या बाबतीत जर्मनीतील काही चालीरीती विचार करण्याजोग्या आहेत. त्याच देशातील एका दांपत्याची हकिगत वाचली, म्हणजे आपल्या घरी निवांत बसावयास मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हेही ध्यानात येते.

जर्मनीत १९६३ साली पगारी रजेचा कायदा झाला. आज त्या कायद्याने प्रत्येक नोकरदारास वर्षाकाठी किमान चार आठवडे रजा मिळते. पुष्कळ लोक समुद्रकाठी वा डोंगरात जातात. पण काहीजण घरीच राहतात आणि त्याबद्दल त्यांना कमीपणा वाटत नाही. यंदा कोठे जाणार, असे विचारल्यास ते हसून सांगतात, ‘बाल्कोनिएनला!’ नाव एखाद्या देशासारखे वाटते, पण तो देश म्हणजे त्यांच्याच घराची गॅलरी होय. तेथे कुंड्यांतून फुले लावावयाची, दुपारी चारच्या सुमारास कॉफी आणि घरी भाजलेला केक मांडावयाचा आणि घाई म्हणून करावयाची नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे रस्त्यावरही शांतता असते. लग्नाचा वाढदिवस अशा रजेत आला, तर त्या दिवसासाठी निराळा खटाटोप करावा लागत नाही.

तेथे लग्नाच्या वर्षांना नावेही आहेत. पाचवे वर्ष लाकडाचे, दहावे गुलाबाचे, पंचविसावे रुप्याचे, पन्नासावे सोन्याचे, साठावे हिऱ्याचे, पासष्टावे लोखंडाचे. सत्तराव्यास ते ‘कृपेचे लग्न’ म्हणतात. तेथवर दोघे पोहोचली ती परमेश्वराच्या कृपेनेच, असा त्याचा भाव. आपल्या गृहिणींना सर्वांत आवडेल ते साडेबारावे वर्ष. त्याचे नाव पार्सलीचे, म्हणजे आपल्या कोथिंबिरीसारख्या पाल्याचे. संसार हिरवागार आणि चवदार राहावा, हा त्यातील हेतू. त्या दिवशी स्नेहीमंडळी आमंत्रणाची वाट न पाहता स्वतःच खाण्याचे पदार्थ घेऊन येतात, अशी रीत आहे. उत्तरेकडे आणि वेस्टफालिया भागात रुप्याच्या व सोन्याच्या लग्नास शेजारी जमून हिरव्या डहाळ्यांचे तोरण गुंफतात, त्यात कागदी फुले खोवतात आणि त्या जोडप्याच्या दारास बांधतात. पासष्ट वर्षे पूर्ण करणाऱ्यांस राष्ट्राध्यक्षांकडून अभिनंदनाचे पत्र येते. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. दांपत्य उत्सवाकडे जात नाही, उत्सव त्यांच्या दाराशी येतो.

हा विचार आपल्याला परका नाही. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात नवविवाहित पुरुषासाठी नियम आहे. त्याने वर्षभर लढाईस जाऊ नये, त्याच्यावर दुसरे कोणतेही काम लादू नये. त्याने घरी राहावे आणि आपल्या पत्नीस आनंद द्यावा. घरची सुटी ही धर्मशास्त्रानेच दिलेली पहिली भेट आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या दांपत्याकडे वळू. व्हिक्टर क्लेम्परर हे एका रब्बींचे पुत्र, ड्रेस्डेन येथे फ्रेंच आदी भाषांचे प्राध्यापक. १६ मे १९०६ रोजी त्यांनी एवा या पियानोवादक ख्रिस्ती तरुणीशी विवाह केला. पुढे त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता; परंतु नाझी कायद्याच्या दृष्टीने ते यहुदीच होते. स्वतःचे घर आणि बाग असावी, ही एवाबाईंची फार दिवसांची इच्छा. १९३४ साली ड्रेस्डेनजवळील ड्योल्चेन येथे त्यांचे छोटे घर उभे राहिले. पुढच्याच वर्षी क्लेम्परर यांची नोकरी गेली. १९३८ साली यहुद्यांना मोटार चालविण्याची मनाई झाली. मे १९४० मध्ये घर सोडावे लागले आणि केवळ यहुद्यांसाठी राखलेल्या इमारतीत राहावे लागले. यहुद्यांनी घरात जनावर पाळू नये, असा हुकूम निघाल्यावर त्यांचे लाडके मांजरही त्यांना मारवून घ्यावे लागले.

एवाबाई यहुदी नव्हत्या. घटस्फोट घेतला असता तर त्या त्रासातून सुटल्या असत्या. मात्र त्यांच्या पतीस छळछावणीत धाडले गेले असते. त्यांनी घटस्फोट घेतला नाही. उलट पती गुप्तपणे लिहीत असलेल्या रोजनिशीची पाने, सापडल्यास प्राणांशी गाठ हे ठाऊक असूनही, त्या पिर्ना येथील एका स्नेही डॉक्टरबाईंकडे पोहोचवीत राहिल्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बाँबवर्षाव झाला. त्या आगीत दोघांची ताटातूट झाली आणि सकाळी पुन्हा भेट झाली. एवाबाईंनी पतीच्या कोटावरील पिवळा तारा कापून काढला आणि दोघे शहराबाहेर पडली. जून १९४५ मध्ये ती ड्योल्चेनच्या घरी परतली. १९४१ ते १९४५ असे लग्नाचे पाच वाढदिवस त्यांना आपल्या छपराखाली घालविता आले नव्हते. १९५१ साली एवाबाई वारल्या. सोन्याचे लग्न त्यांच्या वाट्यास आले नाही. ती रोजनिशी १९९५ साली प्रसिद्ध झाली आणि जगाने वाचली.

आपल्या बेने इस्राएल समाजावर भारतात असा प्रसंग आला नाही, याबद्दल आपण परमेश्वराचे आणि त्या भूमीचे ऋणी आहोत. पण घर सोडून दुसऱ्या देशी नवे घर मांडणे काय असते, हे आपल्या वडील पिढीस चांगले ठाऊक आहे. दोन खोल्यांत, पाळीच्या कामात, परक्या भाषेत त्यांनी संसार उभा केला. दोघांना एकत्र बसून चहा पिण्याची फुरसतही कित्येक वर्षे मिळाली नाही.

म्हणून मुलांना आणि सुनांना एक सुचवावेसे वाटते. आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस आला की आधी त्यांना काय हवे ते विचारा. हॉल हवा असेल तर अवश्य घ्या. नको असेल तर घरीच मलिदा करा. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे यांचे ताट मांडा, एलियाहू हनाबीचे स्मरण करा, चार शेजारी बोलवा. कपाटातील कतुबा काढून नातवंडांना दाखवा. त्यावरील तारीख आणि गाव त्यांना वाचू द्या. ज्या घरी दोघांपैकी एकच उरले आहे, तेथेही त्या तारखेस जरूर जा. आणि पाहुणे गेल्यावर भांडी तुम्ही घासा, त्या दोघांना गॅलरीत बसू द्या.