आधी कॉफी, मग माणूस

स्पॅनिशच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच कॉफी मागायला शिकवतात : ‘क्येरो उन काफे’, मला कॉफी हवी. पुढे कधीतरी कळतं, की तेच क्रियापद माणसाला लावून ‘ते क्येरो’ म्हटलं की ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ असा अर्थ होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ होता ‘शोधणे’. शोधता शोधता हवंसं झालं आणि हवंसं होता होता जीव जडला, असा हा प्रवास.

मग ‘ते आमो’ कशाला? तेही प्रेमच, पण भारदस्त. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात नवराबायकोचंही ‘ते क्येरो’वर भागतं; ‘ते आमो’ अनेकांना मालिकेतल्या संवादासारखं वाटतं. मेक्सिकोत ते बरंच सैलपणे वापरतात, आणि ‘ते क्येरो’ बऱ्याचदा मित्रमैत्रिणींच्या, भावंडांच्या वाट्याला येतं. त्याला ‘मुचो’, म्हणजे ‘खूप’, जोडलं तर प्रेम वाढायला हवं ना? उलट ते मैत्रीकडे सरकतं. ‘तू खूप चांगला मुलगा आहेस’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना अधिक सांगायला नको.

या सगळ्याआधीची पायरी म्हणजे ‘मे गुस्तास’. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे हमखास अडखळतात, कारण ज्याला आवडतं तो या वाक्यात कर्ताच नसतो. मराठी माणसाला मात्र हे घरचंच. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्तास’ म्हणजे आवडतेस. ‘मला आंबा आवडतो’ची घडण तीच. फक्त साहेबांचं काम आवडलं म्हणून साहेबांना ‘मे गुस्तास’ म्हणू नका. त्यात आकर्षण असतं.

लाडाच्या हाका तर विचारूच नका. ‘मी बिदा’ म्हणजे माझं आयुष्य. जोडीदार म्हणजे ‘मेदिया नारांखा’, अर्धं संत्रं. अर्जेंटिनात सडपातळ बायकोलाही नवरा ‘गोर्दा’, म्हणजे जाडे, म्हणतो आणि ती ओ देते. गायिका मेर्सेदेस सोसा तर साऱ्या देशाची ‘ला नेग्रा’, काळी, होती. हे शब्द घरच्यांनी वापरावेत, पाहुण्याने नव्हे. कोलंबियात आणि कॅरिबियन बेटांवर आई तीन वर्षांच्या पोराला ‘पापी’ म्हणून जवळ घेते. आपल्या कानाला ते आधी भलतंच वाटतं. पण पापी म्हणजे बाबा. वैतागलेली मराठी आई लेकीला ‘अगं माझे आई’ म्हणते, त्यातलाच प्रकार, वैताग वजा करून.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट कोलंबियातल्याच बोगोताची. ‘उस्तेद’ हे स्पॅनिशमधलं आदरार्थी संबोधन, परक्यांसाठी आणि वडीलधाऱ्यांसाठी. बोगोता आणि आसपासच्या डोंगराळ भागात मात्र ते घरातही चालतं. आपल्याकडचं ‘अहो’ बायकोकडून नवऱ्याकडे जायचं. तिथे नवराही बायकोला उस्तेद म्हणतो, आई लेकराला म्हणते, आणि सोफ्यावर चढलेल्या कुत्र्यालाही फर्मान सुटतं : आपण खाली उतरा बघू.