माणसांच्या नावाची झाडं

१० ऑगस्ट १९१८. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं बॅकस मार्श हे छोटं गाव. रस्त्याच्या दोन्ही कडांना खड्डे खणून तयार होते आणि त्यांच्यापाशी माणसं थांबली होती. बिगुल वाजला आणि एकाच वेळी २८१ रोपं मातीत गेली!

रोपं होती एल्म नावाच्या झाडाची. पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकेकाच्या नावाचं एकेक झाड. युद्ध तेव्हा संपलंही नव्हतं. ते थांबलं नोव्हेंबरात. समुद्रापार जे सैनिक मेले, त्यांना तिकडेच पुरलं जाई. इतक्या दूरच्या थडग्यावर फूल ठेवायला त्यांची आई कशी जाणार? गावातल्या झाडापाशी मात्र ती रोज जाऊ शकत होती. मला हे फार मोलाचं वाटतं.

जवळच्या बॅलरॅट शहरात कपड्यांच्या कारखान्यातल्या सुमारे ५०० मुलींनी असाच पुढाकार घेतला. १९१७ ते १९१९ या काळात जवळपास २२ किलोमीटर रस्त्यावर ३,८०० हून जास्त झाडं लागली! त्यांत युद्धावर गेलेल्या परिचारिकांच्या नावाचीही झाडं आहेत.

आता ती तारीख पुन्हा वाचा. ऑगस्ट म्हणजे पावसाळा, झाडं लावायचा महिना, असंच वाटलं ना? पण ऑस्ट्रेलिया पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात आहे आणि तिथे ऑगस्टमध्ये हिवाळा असतो. एल्म हिवाळ्यात पानं गाळतं. पानंच नसली की पाण्याची वाफ फारशी उडून जात नाही. म्हणून अशा वेळी रोप उपटून दुसरीकडे लावताना थोडी मुळं तुटली तरी ते तहानेनं मरत नाही. सप्टेंबरात तिथला वसंत सुरू होतो. पालवी फुटेपर्यंत मुळांना नव्या मातीत रुजायला सवड मिळते.

ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला सैनिकांचा स्मृतिदिन पाळतात. तो येतो तिथल्या पानगळीच्या मोसमात. तेव्हा पानांतलं हरितद्रव्य मोडू लागतं आणि त्याखाली आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. एल्म सोनेरी दिसू लागतात.

पण दगडी स्मारकाला जे कधी होत नाही, ते झाडाला होतं. झाड आजारी पडतं! एल्मचा सगळ्यांत भयंकर रोग एका बुरशीमुळे होतो. सालीखाली राहणारे छोटे भुंगेरे तिला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. बुरशी आत शिरली की तिला अडवण्यासाठी झाड स्वतःच्याच पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवू लागतं. मग वरच्या फांद्यांना पाणी पोचत नाही आणि झाड वाळतं. म्हणजे बचावासाठी केलेली धडपडच जिवावर बेतते. युरोप-अमेरिकेत या रोगानं कोट्यवधी एल्म मेले. ऑस्ट्रेलियात तो अजून पोचलेला नाही, म्हणून बॅकस मार्शचे शंभरी ओलांडलेले एल्म आजही रस्त्यावर सावली धरतात. तिथली माणसं या झाडांना फार जपतात.

हे एल्म तुम्हाला अगदीच परकं वाटतंय का? मग त्याच्या कुळातलं आपलं झाड ओळखा: वावळ. महाराष्ट्रात ते रानात आणि रस्त्याकडेलाही दिसतं. त्याची फळं म्हणजे कागदासारख्या पातळ, गोल चकत्या. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी एक बी असते. एल्मची फळंही अशीच असतात आणि दोन्ही वाऱ्यावर तरंगत दूर जातात. यंदाच्या उन्हाळ्यात वावळाखाली पडलेली एक चकती उचला, उजेडासमोर धरा आणि आतली बी शोधा. मग ती हवेत सोडा आणि किती पावलांवर पडते ते मोजून आम्हाला पत्रानं नक्की कळवा.