हरण्या : रोग झाडावर, मूळ शिवारात

सावदा, रावेर, फैजपूर, यावल हा पट्टा केळीवर जगतो. बागेत नवीन पान पिवळे-पट्टेरी निघाले, पोंगा सडू लागला, की शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "साहेब, काय मारू?" प्रश्न रास्त आहे. पण हरण्या रोगापुढे तो अपुरा पडतो. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात कित्येकांना नव्या लावणीची झाडे उपटावी लागली, तेव्हा हे चांगलेच कळून आले.

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. नावात काकडी आहे ती उगाच नाही. काकडी, भोपळा, गिलके, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचे कितीतरी तण हे या विषाणूचे घर. तिथून तो केळीवर आणतो मावा, तोही बहुधा कापूस-काकडीवरचा. हा मावा केळीवर मुक्काम करीत नाही. सोंड टोचतो, चव घेतो, नाही आवडली की पुढच्या झाडावर. तेवढ्या घटकाभरात विषाणू झाडात जातो. म्हणून केळीच्या पानावर मावा शोधला तर बहुधा सापडत नाही. औषधाने मावा मरेपर्यंत त्याने काम उरकलेले असते. शिवाय औषधाच्या माऱ्यात मावा खाणारे ढालकिडेही मरतात.

साखळीने विचार

अशा गुंत्याकडे कसे पाहावे, याचे एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला 'सिस्टिम्स थिंकिंग' म्हणतात, आपण साखळीने विचार म्हणू. १९७२ च्या 'लिमिट्स टू ग्रोथ' या गाजलेल्या पुस्तकाच्या एक लेखिका, अमेरिकेच्या डोनेला मेडोज यांनी ते सोपे करून मांडले. त्यातल्या तीन गोष्टी शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत. एक, सुट्या वस्तूपेक्षा वस्तूंमधले नाते पाहा. दोन, कारण आणि परिणाम यांच्यात वेळ जातो, तो धरून चाला. तीन, आपण केलेला उपाय फिरून आपल्याकडेच येतो.

हरण्यात तिन्ही दिसतात. नाते आहे केळी, काकडी, तण आणि मावा यांचे. वेळ अशी की लागण झाल्यावर लक्षण दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात. आज हिरवेगार दिसणारे झाड निरोगीच असेल, असे नाही. आणि फिरून येणे असे की, "दहा-वीस झाडांसाठी कशाला जीव जाळायचा" म्हणून रोगट झाडे तशीच ठेवली, तर तीच पुढच्या लागणीची पेटी होते. मावा सातबारा पाहून उडत नाही.

ठिबकचेही असेच. ठिबकने एका झाडामागे पाणी वाचले, यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लावली, तर विहिरीत शिल्लक काय राहणार? यावल-रावेर भागात भूजलाचा उपसा भरणीपेक्षा जास्त आहे. नळी चांगली आहे, हिशेब मात्र साऱ्या शिवाराचा करायला हवा.

कामाची नजर बदलते

हे कळले की कामाचा अर्थ बदलतो. झाड उपटणे म्हणजे नुकसान, असे मन म्हणते. लेकरासारखे वाढवलेले झाड उपटताना हात थरथरतात, हेही खरे. पण वेळीच उपटलेले एक झाड शेजारच्या शंभरांची राखण करते. आम्हा कृषी खात्यातल्या माणसांचेही काम बदलते. औषधाचे नाव सांगण्याआधी विचारावे लागते : बांधाला काय आहे? रोप कुठले? शेजारी काय लावले? शेतकऱ्यालाही मग फवारणीइतकेच शेजाऱ्याशी बोलणे हे शेतीचे काम वाटू लागते. एकट्याने बाग साफ ठेवली आणि पलीकडे मिरचीत तण माजले, तर मेहनत अर्धी वाया जाते.

बंधूंनो, एवढे करा

लावणीसाठी खात्रीची, विषाणूमुक्त ऊतिसंवर्धित रोपे घ्या. रोगट बागेतले कंद किंवा पिल्ले लावू नका. बागेत आणि बागेलगत काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो, वांगी टाळा. बांध तणमुक्त ठेवा. कडेने मक्याच्या किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावल्या तर मावा आधी तिथे टोचतो आणि त्याच्या सोंडेवरचा विषाणू बराचसा तिथेच राहतो. मृगबागेत पहिले तीन महिने दर चार-पाच दिवसांनी बाग फिरा. ढगाळ, गार, झडीच्या दिवसांत जास्तच. रोगट झाड कंदासह काढून बागेबाहेर जाळा किंवा पुरा. फवारणी करायची तर ती या सगळ्यासोबत करा आणि बांधावरचे तण त्यातून सोडू नका.

आणि हे सारे एकट्याने नको. एका शिवारातल्या पाच-दहा जणांनी एकाच आठवड्यात आपापल्या बागा फिरून रोगट झाडे काढली, तरच साखळी तुटते.