मनाच्या आजारांत शेजाऱ्याची सोबत : तिची नीति व मर्यादा

पिकांचे रोग, खतें व बी-बियाणें यांचा विचार आपण नेहमीं करतों. परंतु ज्याच्या हातीं नांगर आहे त्याच्या मनाचा विचार क्वचितच होतो. नापिकी, कर्ज, घरांतील दुखणें अशीं संकटें एकामागून एक आलीं म्हणजे चांगला कर्ता शेतकरीहि खचतो. त्याची झोप जाते, अन्नावरची वासना उडते, तो चारचौघांत येईनासा होतो. डॉक्टर दूर असतो, आणि लोक वेडा म्हणतील या धास्तीनें तेथवर जाणेंहि होत नाहीं. अशा वेळीं त्याच वाटेनें जाऊन सांवरलेला एखादा शेजारी जवळ येऊन बसला, तर मोठा आधार होतो.

हा केवळ तर्क नव्हे. नाशिक जिल्ह्यांतील पेठ तालुक्यांत ‘आत्मीयता’ या उपक्रमानें गांवांतीलच स्वयंसेवकांना हें काम शिकविलें. अमरावती जिल्ह्यांतील ‘विश्राम’ या उपक्रमांत शिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनीं लोकांस उपचारापर्यंत पोंचविलें. त्याचा अहवाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या आजारानें पीडलेल्यांपैकीं उपचार घेणारांचें प्रमाण आरंभीं शेंकडा ४.३ होतें, तें सुमारें दीड वर्षानें शेंकडा २७.२ आढळलें.

परंतु जवळीक हेंच ज्या कामाचें बळ, त्यांत धोकाहि जवळिकीचाच असतो. शहरांतील समुपदेशक परका असतो. गांवांतला सोबती मात्र एकाच पाटाच्या पाण्याचा वांटेकरी, एकाच सोसायटीचा सभासद, कधीं भाऊबंद तर कधीं धनकोहि असतो. म्हणून त्यानें कांहीं मर्यादा कटाक्षानें पाळल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा गुप्ततेची. ऐकलेली गोष्ट पारावर तर नाहींच, पण स्वतःच्या घरींहि बोलूं नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, यानें गुप्ततेचें बंधन आरोग्यसेवा देणाऱ्या व्यावसायिकांवर घातलें आहे; सोबत्यानें तें नीति म्हणून पाळावें. जीवितास धोका असल्यास त्या बंधनास कायद्यांतच अपवाद आहे. तेव्हां आरंभींच सांगावें कीं, “दादा, तुमची गोष्ट माझ्यापाशीं राहील, पण जिवाला धोका दिसला तर मी ती एकट्यानें ठेवणार नाहीं.” पाळतां न येणारें वचन देऊं नये.

दुसरी मर्यादा पैशाची. उसने देऊं नयेत, जामीन राहूं नये, जमिनीचे कागद संभाळावयास घेऊं नयेत, धान्याची पायलीहि भेट म्हणून स्वीकारूं नये. देणें निघालें कीं माणूस रस्ता चुकवूं लागतो, आणि मन मोकळें करण्याचें एकुलतें दार बंद होतें. बँकेंत किंवा तलाठ्याकडे सोबत अवश्य जावें. ज्याच्याशीं बांधाचा वा वांटणीचा तंटा आहे, त्याचें काम मात्र दुसऱ्या सोबत्याकडे सोंपवावें.

तिसरी मर्यादा सल्ल्याची. डॉक्टरांनीं दिलेली गोळी बंद कर अथवा कमी कर, असें कधींहि सांगूं नये. आपल्याला जें लागू पडलें तें त्यालाहि पडेलच असें नाहीं; काळ्या जमिनीचें खत मुरमाड जमिनीस त्याच मापानें कोण घालतो? स्वतःची हकीकत धीर देण्यापुरतीच सांगावी, ऐकावें अधिक.

चवथी मर्यादा स्वतःच्या सामर्थ्याची. भेटीचा वार व वेळ ठरवावी. आपल्या मनावरचा भार अनुभवी मार्गदर्शकाजवळ, नांव न घेतां, नियमानें बोलून हलका करावा. दुसऱ्याच्या चिंतेनें आपली झोप उडूं लागली, तर कांहीं काळ काम थांबविणें हा पळपुटेपणा नव्हे.

मात्र जीव देण्याचे विचार असल्याचा संशय आल्यास संकोच न करतां सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत भरतो, ही समजूत चुकीची आहे. त्या माणसास एकटें सोडूं नये, फवारणीचीं औषधें त्याच्या हातीं लागणार नाहींत अशीं हलवावींत, घरच्यांस सांगावें व दवाखाना गांठावा. ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य मिळतो. असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असेंच वरील कायद्याचें ११५ वें कलम गृहीत धरतें; म्हणून पोलिसांच्या भयानें कोणी उपचार लांबवूं नये.

मर्यादा घातल्यानें माया आटत नाहीं. बांध घातलेल्या शेतांतच पाणी मुरतें. बांध फुटला तर पाण्यासवें मातीहि जाते. गांवोगांवच्या सोसायट्यांनीं या कामीं दोन पुरुष व दोन स्त्रिया निवडाव्या, त्यांस रीतसर शिक्षण मिळवून द्यावें, आणि अडचणीच्या वेळीं कोणत्या डॉक्टरांकडे जावयाचें हें आधींच ठरवून ठेवावें. बियाण्याची तजवीज आपण पेरणीपूर्वींच करतों; हीहि तशीच, संकट दारीं येण्यापूर्वीं झाली पाहिजे.